टबातले बटाटे

डोरीनच्या आजाराचं कळलं त्या दिवशी ती विक्रेत्याच्या आवारात, गाडीमागे ओढायच्या एका फिरत्या घरातल्या, म्हणजे ट्रेलरमधल्या, अंघोळीच्या कोरड्या टबात बुटांसकट बसली होती. "घर विकून चाकांवर राहायचं, कबूल. पण टब हवाच," ती नवऱ्याला, ग्लेनला, बजावत होती. तेवढ्यात दवाखान्याचा फोन आला. ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "हात दे जरा. उठायचंय."

टबवाला ट्रेलर परवडावा म्हणून त्यांनी निवृत्ती चार वर्षं पुढे ढकलली होती. डोरीनला आठच महिने मिळाले.

ती गेल्यावर ग्लेनने घर न विकता तोच ट्रेलर घेतला, अडतीस फुटी. अमेरिकेतल्या आयडाहोच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची नोकरी चालूच होती. सुट्टीत तो एकटाच नदीकाठच्या, ट्रेलरवाल्यांच्या तळावर ट्रेलर नेऊन राहायचा. टबात बटाटे ठेवायचा.

सप्टेंबरातल्या एका दुपारी तो ट्रेलर मागे घेत होता. अशा वेळी एकाने गाडीचं स्टिअरिंग धरायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून हात दाखवायचे. तळावरच्या जोडप्यांची निम्मी भांडणं यावरूनच होतात. ग्लेनला भांडायला कोणी नव्हतं. त्याने ट्रेलरच्या धक्क्याने तिथलं लाकडी टेबल आडवं केलं.

"त्या टेबलाने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

शेजारच्या एकोणीस फुटी ट्रेलरच्या पायरीवर एक बाई कणसं सोलत बसली होती. नाव लोर्ना. पूर्वी नर्स होती. पूर्ण पेन्शनची वाट न बघता नोकरी सोडून तीन वर्षं अशीच फिरत होती. ती हात पुसत मागे जाऊन उभी राहिली.

"आरशात बघा. मी दिसते?"

"दिसताय."

"मग या. दिसेनाशी झाले की थांबायचं. एवढाच नियम."

ट्रेलर एका दमात जागेवर बसला.

"मजुरी काय द्यायची?" ग्लेनने विचारलं.

"एवढ्या धुडात टब असेलच. माझ्या न्हाणीघरात वळायचं तर आधी बाहेर यावं लागतं."

"टब आहे… पण त्यात बटाटे आहेत."

लोर्नाने त्याला नीट न्याहाळलं. "बटाट्यांबरोबर मी अंघोळ करत नाही. पहिल्या भेटीत तर नाहीच."

पुढच्या शनिवारी बटाटे बादलीत गेले. ती तासभर पाण्यात गुणगुणत होती आणि तो बाहेर मासे तळताना उगाचच हसत होता. त्याच्या पुढच्या शनिवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. मग ऑक्टोबर आला. थंडीच्या आत लोर्ना दक्षिणेला, ॲरिझोनाच्या वाळवंटात जाणार होती.

"अजून दोन हिवाळे काढले की पूर्ण पेन्शन," निघायच्या आदल्या दिवशी ग्लेन म्हणाला. "मग कसं… आरामात."

"आराम माझ्याकडे नाही. एक खुर्ची आहे, तीही घडीची." ती शेकोटीत काटकी सरकवत राहिली. "वाट बघेन मी, ग्लेन. पण एका जागी बसून नाही. आणि आपण दोघंही साठीच्या पुढचे… दोन हिवाळे म्हणजे पुष्कळ झाले."



"तुझा तो नियम," ग्लेन म्हणाला. "डोरीन गेल्यापासून आरशात कोणी दिसत नव्हतं. म्हणून थांबलो होतो."

"आणि आता?"

"आता तू दिसतेस."

काटकी तिच्या हातातच राहिली.

"पेन्शन कमी बसेल," ती हळूच म्हणाली. "घर विकावं लागेल."

"विकू. ट्रेलर मात्र ठेवायचा. टब डोरीनने निवडलाय."

"ठेव की. छान निवडलाय तिने." तिने त्याची बाही धरली. "पण बटाट्यांची जागा मी ठरवणार."

सकाळी तिचा ट्रेलर मागे घेताना हात दाखवायला ग्लेन उभा राहिला. तिने आरशातूनच त्याला डोळा मारला आणि तो हात दाखवायचं विसरला. पहिला बर्फ पडायच्या आत तिच्याकडे दक्षिणेला येतो, असं त्याने कबूल केलं होतं.

घरी आल्यावर त्याने कागद काढला, पेन शोधलं. तिला शब्द देऊन झाला होता, राजीनामा मात्र अजून लिहायचा होता.