डावीकडे वळायचं

रविराज चाकणच्या एका कंपनीत ब्रेकचे ड्रम तपासायचा. पट्ट्यावरून ड्रम पुढे येणार, याने गेज लावायचं, बसलं तर पास, नाही बसलं तर बाजूला. अशी नोकरी वर्षानुवर्षं केलेल्या माणसाचा भुताखेतांवर विश्वास बसत नाही. त्याचाही नव्हता. तो मूळचा विजयदुर्गाच्या खाडीकाठचा, पण आता चऱ्होलीच्या एका नव्या सोसायटीत राहायचा, जिथल्या गॅलरीतून अर्धवट बांधलेल्या दुसऱ्या सोसायट्या दिसतात. पोट सुटलं म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि त्याने सायकल घेतली, एवढीच काय ती सुरुवात.

सायकल घेतली दापोडीत, युनूसच्या दुकानात. युनूस सायकल विकायचा, दुरुस्त करायचा आणि रविवारी गिऱ्हाइकांना घेऊन स्वतःही लांब लांब हिंडायचा. तिथेच सयाजीची गाठ पडली. सयाजी साताऱ्याकडचा, रविराजच्याच कंपनीत खरेदी खात्यात. उंचापुरा, बोलका, कुठल्याही घोळक्यात आपोआप मधोमध उभा राहणारा. रविराज कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोघांचं कसं जमलं हे लोकांना कोडंच होतं, पण जमलं मात्र घट्ट. रविराजचे वडील भिवा गेले तेव्हा सयाजी सुट्टी टाकून त्याच्याबरोबर गावी गेला होता, आणि खांदाही त्याने दिला होता. रविराज ते विसरणारा नव्हता.

तर रविराजला एक खूळ लागलं होतं. जुन्या हायवेने लोणावळा गाठायचं, घाट उतरून खोपोली, पुढे पेण आणि शेवटी धरमतरची खाडी, ही वाट सगळ्या सायकलवाल्यांना पाठ असते. पण घाटात ट्रकच्या धुराशिवाय काही मिळत नाही. त्या रस्त्याच्याही आधी ज्यावरून बैलगाड्या उतरायच्या तो गाडीरस्ता कुठेतरी शिल्लक असणार, असं त्याच्या डोक्याने घेतलं. दोन पावसाळे आणि दोन हिवाळे तो रविवारचा एकटाच घाटात हिंडला. करवंदीच्या जाळ्यांनी अंग ओरबाडून घेतलं. आणि शिंगरोबाच्या देवळाच्या बरंच खाली, गिरजाबाईच्या चहाच्या टपरीमागून सुटणारा रस्ता त्याला सापडला. कडेला काळ्या दगडांची भिंत, खाली फरसबंदी, वर गवत. सायकलला उत्तम.

त्यात एकच जागा वाईट होती. अर्ध्या उतारावर रस्ता दुभंगतो आणि दोन्ही फाटे सारखेच दिसतात. डावीकडचा नीट खोपोलीच्या अंगाला उतरतो. उजवीकडचा थोडं अंतर छान जातो आणि एका वळणानंतर रस्ताच नसतो. भिंतीसकट कधीतरी तो दरीत गेलेला आहे आणि कडेला कंबरभर गवत आहे, त्यामुळे सायकलवरून ते दिसतही नाही. दोन फाट्यांच्या मधे शेंदूर फासलेला गुडघाभर उंचीचा धोंडा आहे. रविराजने हे सगळं पहिल्यांदा दाखवलं ते सयाजीला. धोंड्यापाशी थांबून त्याने सांगितलं होतं, काही झालं तरी इथे डावीकडे वळायचं.

खाली खाडीवर पोचल्यावर चिखलाचा आणि मिठाचा वास नाकात गेला, तेव्हा रविराजला आपल्या गावी आल्यासारखं वाटलं, आणि ते त्याने सयाजीला सांगितलंही. असलं काही तो एरवी कुणाला सांगत नसे.

दिवाळीनंतर युनूसने त्याला दुकानात बोलावून घेतलं. चहा मागवला. मग काउंटरखालून एक पोस्टर काढून समोर ठेवलं. 'घाट ते खाडी', जानेवारीतली सायकल मोहीम, कुठल्या कुठल्या प्रायोजकांची नावं, आणि मधोमध हेल्मेट घातलेला सयाजी. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं की शेकडो वर्षं हरवलेला गाडीरस्ता सयाजीने एकट्याने शोधून काढला. रविराजने पोस्टर पालथं करून बघितलं. मागे कोरं होतं.

"मला वाटलं तुला ठाऊक असेल," युनूस म्हणाला. "मग वाटलं, ठाऊक असतं तर तू बोलला असतास, भाई."

रविराज तसाच सयाजीच्या घरी गेला. भांडायला गेला, पण भांडता येणं हाही एक गुण असतो आणि तो त्याच्यात नव्हता. सयाजीने त्याला प्रेमाने बसवलं, पोहे खायला घातले आणि समजूत काढली. म्हणे प्रायोजकांना एक चेहरा लागतो, दोन चालत नाहीत. म्हणे तू स्टेजवर चार वाक्यं तरी बोलला असतास का. "आणि तुला विसरलोय का मी, राव? खाडीवरचं सगळं तुझ्याकडे. केळी, पाणी, मेडल. सगळे शेवटी तुझ्याचकडे येणार."

आयत्या बिळावर नागोबा, तो हा असा. रविराज पोहे संपवून बाहेर आला आणि जिन्यात त्याला रडू आलं. वाट गेल्याचं नव्हे तेवढं. ज्याने बापाला खांदा दिला, त्यानेच हे केलं, ते त्याला गिळता येईना.

पुढच्या रविवारी तो एकटाच घाटात गेला. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. धुकं इतकं होतं की पुढचं चाक जेमतेम दिसत होतं. धोंड्यापाशी तो उतरला. त्याच्या गावाकडे माणसाचं मन असं भरून आलं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्याने देवाला सगळं सांगतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. रविराजने लहानपणी ते शेकडो वेळा ऐकलं होतं, स्वतः कधी घातलं नव्हतं. त्या दिवशी त्याने टपरीवरून घेतलेला नारळ धोंड्यापुढे ठेवला, हेल्मेट काढलं आणि पिंपरी-चिंचवडात इतकी वर्षं दाबून ठेवलेल्या आपल्या बोलीत तो बोलू लागला.

"बा म्हाराजा, ह्या वाटेच्या राखणदारा. ही वाट मी शोधलंय. माझ्या सोबत्यान, सयाजीन, ती आपली म्हणान मिरवल्यान. तुका सगळा दिसता. काय तो न्याय तू कर, म्हाराजा."

"व्हय," धुक्यातून कुणीतरी म्हणालं.

आवाज अगदी जवळून आला, धोंड्याच्या मागून. रविराजने हाक मारली. तो उजव्या फाट्यावर चार पावलं गेलाही. कुणी नव्हतं. गवत दवाने ओलं होतं आणि त्यातून कुणी गेल्याची खूण नव्हती. एखादा धनगर असेल, चेष्टा केली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. परत येऊन बघतो तर नारळ फुटलेला होता आणि आतलं पाणी धोंड्याखालच्या मातीत जिरत होतं.

टपरीवर गिरजाबाईने त्याचा चेहरा बघून चहात आलं जास्त टाकलं. त्याने सहज म्हणून विचारलं, खाली धोंड्यापाशी कुणी राहतं का. तिने विचारलं, तिथं काय करत होतास. त्याने सांगितलं. गिरजाबाईने स्टोव्ह बारीक केला.

तिच्या सासऱ्याच्या बैलगाड्या होत्या. तो सांगायचा की घाटातून वाट कुठून काढायची ते गोऱ्या साहेबाला कळत नव्हतं, तेव्हा इथल्याच एका माणसाने ती दाखवली. वाट दाखवून झाल्यावर त्याची गरज संपली. त्याला कुणी ढकललं, ते कुणी सांगत नाही. गाडीवाले तिथे चिमूटभर तंबाखू ठेवायचे आणि सुखरूप खाली उतरव एवढंच म्हणायचे.

"एवढंच म्हनायचं आस्तं तितं," ती म्हणाली. "कुनाचं गाऱ्हानं न्हाई सांगायचं. दगा झाल्याचं तर न्हाईच न्हाई. त्ये त्याला लई लवकर समजतं."

"परत घेता येतं का?"

"देऊन बसलास की," गिरजाबाई म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

रविराज पुन्हा खाली गेला. माझं चुकलं, असं त्याने त्याच बोलीत तीन-तीनदा सांगितलं. यावेळी कुणी काही म्हणालं नाही. बराच वेळ तो ऐकत उभा राहिला.

खरं सांगायचं तर सयाजीचं काही वाईट व्हावं, असं त्याला वाटलंच नव्हतं का? वाटलं होतं. जिन्यात वाटलं होतं, धोंड्यापुढे वाटलं होतं. पण ते वाटणं वेगळं आणि दरीच्या काठाशी उभं राहून आठवणं वेगळं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये त्याने सयाजीला गाठलं आणि मोहीम जुन्या हायवेने ने, नाहीतर निदान तू तरी त्या वाटेने उतरू नकोस, असं विनवलं. कारण काय सांगणार? सयाजीने ताट बाजूला सारलं. जळणारी माणसं त्याने पुष्कळ पाहिली होती म्हणे, रविराज त्यातला निघेल असं वाटलं नव्हतं. मग रविराज म्हणाला, त्या फाट्यावर मी उभा राहतो, एकेकाला डावीकडे वळवतो. सयाजीने त्याच्याकडे नीट बघितलं आणि नको म्हणाला. फाट्यावर युनूस उभा राहील. तू खाडीवर.

युनूस असेल म्हटल्यावर रविराजला हायसं वाटलं. त्याने युनूसकडून शब्द घेतला, अगदी शेवटचा माणूस जाईपर्यंत धोंड्यापासून हलायचं नाही. सयाजी सगळ्यांच्या मागून येणार होता, कुणी मागे सुटू नये म्हणून. म्हणजे सयाजी गेल्यावरच हलायचं. युनूसने कारण विचारलं नाही, फक्त मान डोलावली.

मोहिमेच्या दिवशी रविराज पहाटेच टेम्पोने धरमतरला गेला. जेटीजवळ मंडप टाकला, केळ्यांचे घड टांगले, पाण्याचे जार लावले. सकाळ सरली. ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या आणि ऊन चांगलंच तापलं होतं. वर डोंगर मात्र ढगात होता.

पहिला आला तो हिंजवडीतल्या आयटीवाल्यांचा घोळका. घामाघूम, चिखलाने माखलेले, खूश. त्यातल्या एका मुलीने मेडल गळ्यात घालून घेताना रविराजला वाकून नमस्कार केला.

"दादा, तुम्ही वरच्या वळणावर होतात म्हणून बरं," ती म्हणाली. "धुक्यात काहीच दिसत नव्हतं."

रविराज हसला. माणसाची गफलत होते. हेल्मेट, मोहिमेचा पिवळा टी-शर्ट, सगळेच सारखे दिसतात. मग आणखी काहीजण आले आणि त्यांनीही आभार मानले. एकाने कौतुकाने विचारलं, दादा, आमच्याआधी खाली कसे पोचलात, टेम्पो होता वाटतं? रविराजच्या हातातलं केळं तसंच राहिलं. 

युनूस दिसला तेव्हा रविराज त्याच्याकडे धावलाच. युनूस सायकलवरून उतरला आणि जागीच थबकला. त्याने रविराजकडे बघितलं, मागच्या रस्त्याकडे बघितलं, पुन्हा रविराजकडे बघितलं.

"तू का निघालास?" रविराजने विचारलं.

"तूच म्हणालास की." युनूसचा आवाज खाली आला. "वरच्या वळणावरून चालत आलास. म्हणालास, तू जा, मी आहे. मी म्हटलं, तुझी वाट आहे, तुझा हक्क आहे, मी कोण अडवणारा." त्याने हेल्मेट काढलं. "फक्त आज तू गावाकडचं बोलत होतास. मला निम्मं कळलं नाही."

"सयाजी कुठंय?"

"मागेच होता. मी वळून बघितलं तेव्हा तुझ्याशीच बोलत उभा होता. तुझा हात त्याच्या खांद्यावर होता. मला बरं वाटलं, रविराज. वाटलं, मिटलं."

रविराजने खिशातून फोन काढला.  नंबर लावणार तोच फोन वाजला. सयाजीच होता.

वारा होता, दम लागलेला होता, पण आवाज मोकळा होता. रविराजने असा मोकळा आवाज पोस्टर छापल्यापासून ऐकला नव्हता.

"राव, दोन-तीन तास धोंड्यापाशी बसून गप्पा मारल्या, मग तू पुढे निघालास आणि मुख्य ते तोंडावर बोलायचं राहून गेलं," सयाजी म्हणत होता. "माझं चुकलं. मोठं चुकलं. तरी तू इथवर आलास मला न्यायला. खाली पोचलो की सगळ्यांसमोर सांगणार आहे मी, माईक घेऊन, वाट कुणाची ते."

"सयाजी, ब्रेक मार. तू कुठल्या फाट्यावर आहेस?"

"म्हणजे? तू दाखवलास त्याच."

"मी खाडीवर आहे. ऐक. मी खाडीवर आहे, युनूस माझ्याजवळ आहे. उतर सायकलवरून, आहेस तिथे बस."

सयाजी हसला. खूप दिवसांनी, पूर्वीसारखा.

"काय राव. समोर तर उभा आहेस. हात करतोयस की मला."

रविराज ओरडला. मंडपातली माणसं वळून बघू लागली. त्याने फोन कानाशी इतका दाबला की कान दुखला.

तिकडे, सयाजीपासून थोड्या अंतरावर, गवतातून कुणीतरी बोललं. रविराजने तो आवाज लगेच ओळखला, कारण तो त्याचा स्वतःचा होता. सयाजीशी तो त्या बोलीत आयुष्यात कधी बोलला नव्हता.

"व्हय," तो आवाज मायेने म्हणाला. "हयसून ये."