चौदा नंबरचा बिल्ला

दुपारी चार वाजता देवमन फोरमन बिल्ले पाहायला गेला, ते नेहमीसारखंच. साल त्रेसष्ट, वैशाख तापलेला. अकोल्याच्या बाजूचं ते वीजघर तेव्हा नवंकोरं होतं. दूरच्या खाणीतला कोळसा मालगाडीनं येई, भट्टीत जळे, आणि तिकडे अमरावतीत कोणी बटण दाबलं की दिवा लागे. बटण दाबणाऱ्याला राखेचं काय घेणं? ती वीजघराच्या माणसांच्या नाकातोंडात.

भट्टी दोन दिवस थंड ठेवून आतून खरवडली होती. नियम साधा. आत जाणाऱ्यानं आपल्या नंबराचा पितळी बिल्ला दाराजवळच्या फळीवर टांगायचा आणि बाहेर आल्यावर स्वतःच उचलायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. फळी रिकामी झाल्याशिवाय आग नाही. त्या दिवशी अकरा जण आत गेले, अकरा बाहेर येऊन चहा पीत बसले. तरी फळीवर एक बिल्ला होताच. चौदा नंबर.

देवमननं नंबर पुन्हा वाचला. चौदा नंबर सहदेवचा, त्याच्या जिवाभावाच्या दोस्ताचा. सहदेव होळीआधी तापानं गेला. त्याचा बिल्ला देवमननं स्वतःच्या हातानं स्टोअरात जमा केला होता.

"कोनं टांगला हा?"

सूर्यभान नावाच्या कामगारानं मान खाली घातली. "आमी बाहीर आलो तवाच होता, दादा."

तेवढ्यात फोन वाजला. साहेब तिकडून करवादले, "देवमन, काहून पेटवली नाही अजून? दवाखान्यात ऑपरेशन अडून राहिलं. अंधाराच्या आत अमरावतीले लाईन पाहिजे."

"साहेब, एक बिल्ला लटकून राहिला."

"कोनाचा?"

देवमनला नाव घेववेना. "पाहून सांगतो," म्हणाला आणि बॅटरी घेऊन आत शिरला.

आत काळोख, विटांची धग, जळक्या राखेचा वास. चारी कोपरे पाहिले, कोणी नाही. परत फिरणार तोच खालून आवाज आला. ठक... ठक... ठक.

देवमन जागीच थिजला. काम आटोपून बाहेर निघताना सहदेव आपली सळई भिंतीवर अशीच तीनदा आपटायचा. भीती तर वाटलीच, पण पाय खालीच वळले. खाली राख साठायची खोली होती. तिथं मनकर्णा पडली होती, राखेत अर्धी बुडालेली. मनकर्णा म्हणजे सहदेवची बायको, नवऱ्यामागं रोजंदारीवर लागलेली. श्वास चालू होता.

आता बघा. राखेच्या टोपल्या वाहणाऱ्या बाया रोजंदार, त्यांना बिल्लेच दिलेले नव्हते. दोन वर्षं देवमन फळी पाहून आग लावत आला, आणि बाया त्या हिशेबात कधी नव्हत्याच. त्याला स्वतःची शरम वाटली.

बाहेर आणून तोंडावर पाणी मारल्यावर तिनं डोळे उघडले.

"चक्कर आली मले, भाऊजी. कोनीतरी बाजूले बसून होतं... हात धरून."

"कोन?"

"अंधार होता. म्हने, तू निंघ... मी मांगून येतो."

देवमननं बायाही मोजल्या, गडीही मोजले. सगळे बाहेर. पुन्हा आत जाऊन राख उकरून पाहिली. फळीवर चौदा नंबर तसाच होता. फोन वाजतच होता. शेवटी देवमननं भट्टीचं लोखंडी दार लावलं, खिटी घातली आणि जन्मात पहिल्यांदा बिल्ला लटकत असताना आग दिली.

दिवस मावळला. अमरावतीहून निरोप आला, दिवे लागले, ऑपरेशनही सुरू झालं. देवमनला हायसं वाटायला हवं होतं. पण मनकर्णा घरी जाईना. पायरीवर बसून दाराकडे पाहत होती.

"घरी जा, वैनी."

"जातो. ते येऊ द्या ना."

भट्टी आता पुरती भडकली होती, दार लाल होत चाललं होतं. आणि त्या घरघराटातून, आतून, दारावर सळई वाजली. ठक... ठक... ठक.

मनकर्णा पदर सावरून उठली. तिच्या आवाजात भीती कुठंच नव्हती.

"भाऊजी... खिटी काढा."