ही नव्हे

आमची पांढरी उंटीण भारी हट्टी. उन्हाळा सरता सरता ती कळपातून पळाली, म्हणून पाच वर्षांच्या लेकीला घोड्यावर पुढ्यात घेऊन मी शोधायला निघाले. नवरा, दामदिन, म्हणाला, "उंटीण सापडेल गं, तूच हरवू नकोस." त्याचं बोलणं कायम तिरकं.

लेकीचं नाव एनेबिश. म्हणजे 'ही नव्हे'. आमच्या गोबीच्या वाळवंटात एखादीचं मूल गेलं, की पुढच्याला असलंच नाव ठेवतात. न्यायला येणारं फसावं म्हणून. थोरलीचं नाव मी मोठ्या हौसेनं ओदतुया ठेवलं होतं, ताऱ्यांचा उजेड. चार वर्षांची झाली आणि तापात गेली. धाकटीसमोर तिचं नावही आम्ही कधी काढलं नाही.

उंटीण काही मिळाली नाही. विहिरीपाशी अंधार पडला, तिथेच कातडं अंथरलं. सात देवांच्या ताऱ्यांकडे, म्हणजे सप्तर्षींकडे, रिवाजाप्रमाणे पळीभर दूध शिंपडलं आणि दोघी उताण्या पडलो. वारा पूर्ण पडला होता. सुकलेल्या दवण्याचा कडवट वास तेवढा येत होता.

"आई, तारे आपल्याला बघतात?"

"बघतात. आणि म्हणतात, ही पोर झोपत का नाही."

ती खुदकन हसली आणि झोपली. मग विहिरीपलीकडे वाळू वाजली. हलकी पावलं, अनवाणी... थांबत थांबत येणारी.

"आई... तुझ्याजवळ कोण झोपलंय?"

आवाज ओळखला मी. आईला का कळत नाही? धाकटीला घट्ट धरलं आणि तोंडातून सवयीचं तेच निघालं, "ही नव्हे... ही नव्हे गं."

पावलं आणखी पुढे आली. मग अगदी जवळून,

"मग... मीच होते का ती?"

काळजात तुटलं माझ्या. अंधारातल्या हाकेला ओ देऊ नये, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण मी पांघरूण उचललं.

"नाही गं बाळा. तूही माझीच. ये, गारठली असशील."

थंडगार काहीतरी कुशीत शिरलं. रात्रभर मी दोघींना थोपटत राहिले. खोटं कशाला बोलू, इतकं सुख मला पुन्हा कधी लाभलं नाही.

उजाडलं तेव्हा कुशीत एकच पोर होती. उबदार, श्वास घेणारी. माझा जीव भांड्यात पडला. तिच्या गालाचा मुका घेतला आणि म्हटलं, "ऊठ, एनेबिश."

तिनं डोळे चोळले, माझ्याकडे बघून गोड हसली.

"मी ती नव्हे, आई," ती हळूच म्हणाली. "ती झोपलीय अजून."