बिनमिठाचा नवस

तेओफिलो आग्वाहेच्या ताडांची फळं आणायला निघाला, तेव्हा मी चुलीवर केळी उकडत होते. तीन दिवसांचं काम. नदी चढू लागली होती, आणि पाणी रानात शिरलं की होडी थेट झाडांच्या मधून जाते, घड उतरवणं सोपं होतं. आमचा हिरवा पोपट शिडीच्या खांबावरून त्याला बघत राहिला. पोपटाला एकच वाक्य येतं. नवरा नदीच्या वळणावर दिसला की तो ओरडतो, "तेओफिलो आला."

तिसरा दिवस गेला, सातवा गेला. पाणी खांबांवरच्या आमच्या घराच्या फळ्यांना टेकलं. जिथे माझा मिरच्यांचा वाफा होता, तिथे गुलाबी डॉल्फिन फुसफुसत फिरू लागले. नवव्या दिवशी मी संत अंतोनिओपुढे मेणबत्ती लावली आणि नवस बोलले. माझा माणूस परत दे, पाणी उतरेपर्यंत माझ्या चुलीवर मीठ चढणार नाही.

अकराव्या दिवशी भर दुपारी तो आला, ओंडक्यांच्या तराफ्यावर बसून. होडी भोवऱ्यात गेली म्हणाला. मी त्याच्या गळ्यात पडून रडले. मग लक्षात आलं, पोपट गप्प होता.

सासूबाईंना दिसत नाही. त्यांनी मुलाचं डोकं हुंगलं, बराच वेळ हुंगलं. तो जाळं बघायला गेल्यावर मला जवळ बसवून म्हणाल्या, "घामाचा वास नाही गं. कुजक्या पानांचा आहे… सूनबाई, त्याचे पाय बघितलेस?"

आमच्याकडे हे लहान मुलालाही ठाऊक असतं. रानाचा धनी, चुल्लाचाकी, आपल्याच माणसाचं रूप घेऊन येतो. सगळं जुळतं, फक्त एक पाऊल लहान आणि वाकडं राहतं. आणि तो मीठ खात नाही. शंका आली की चिखलातली पावलं बघायची, नाहीतर खारा घास पुढे करायचा.

पण चिखल होता कुठे? चहूकडे पाणी. तेओफिलो रबरी बूट पायातून काढत नव्हता, जखमा झाल्यात म्हणे. आणि मीठ तर मीच बंद केलं होतं.

मीठ जरा कमी पडलं की ताट सरकवणारा हा माणूस, आता अळणी मासा चाटूनपुसून खायचा. माझ्यासाठी नवस केलास, मग मी कसा कुरकुरू, म्हणायचा. चौदा वर्षांच्या संसारात इतकं गोड तो कधी बोलला नव्हता. शेजारची देल्फिना मला हसली. नवरा सुधारला म्हणून संशय घेणारी तू पहिलीच बाई, माझाही पाठव त्याच रानात, म्हणाली.

संकटातून गेलेला माणूस मऊ होतो, असं मी मनाला सांगितलं. रोज प्रार्थनेत देवाचे आभार मानले. पण तो शिडीवर येऊन बसला की पलीकडच्या काठावरची माकडं एकदम गप्प व्हायची, हे मी कुणाला सांगितलं नाही.

एकदा सासूबाई म्हणाल्या, "एक चिमूट टाक. कुणाला कळणार नाही."

"देवाला शब्द दिलाय, आई."

"तो शब्द कुणाच्या कामी येतोय, तेवढं बघ."

मग पाणी उतरू लागलं. त्याच आठवड्यात पोपट बोलला. तोंड दूर, आग्वाहेच्या दलदलीकडे. "तेओफिलो आला." तेओफिलो माझ्या शेजारीच जाळं विणत होता. त्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पोपटाचं तोंड नदीच्या वळणाकडे होतं. काल, आमच्या होड्या बांधायच्या खुंटाकडे. दोन्ही दिवशी तिथे कुणीही नव्हतं.

आज सकाळी शिडीखालचा चिखल उघडा पडला. नवस फिटला. तेओफिलो मात्र खाली उतरायला तयार नव्हता. माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "आणखी थोडे दिवस अळणीच करशील…? मला आता तेच आवडतं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कुणीही असला तरी माझ्या हातचं जेवला होता तो.

मी दोन ताटं वाढली. दोन्हीत सारखाच मासा, सारखीच केळी. एकात मीठ घातलं, एकात नाही. संत अंतोनिओला म्हटलं, जो माझा असेल त्याला उपाशी ठेवू नकोस.

तेवढ्यात पोपट मान खाली वाकवून शिडीच्या पायथ्याकडे बघू लागला. "तेओफिलो आला."

खालची पायरी करकरली. मी वाकून बघितलं. चिखल कोरा होता, एकही पाऊल नाही. मग दुसरी पायरी वाजली… मग तिसरी.

कुठल्या ताटात मीठ आहे, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या पाठीमागे तेओफिलोनं अळणी ताट हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.