एका पुडीतली पानं

प्रयोगशाळेचा जिना चढता चढता ती मैत्रिणीला सांगत होती, "कोण तो डोंगरबकरा आहे देव जाणे! दोन झाडांची पानं एका पुडीत कोंबून पाठवलीत. माझी सगळी तपासणी पाण्यात!"

पुढचे चिखलानं भरलेले बूट थांबले... वळले.

"डोंगरबकरा मीच. आणि पानं एकाच झाडाची होती."

मैत्रिणीला नेमकं तेव्हाच काहीतरी काम आठवलं!

हिला मात्र पळता येईना. त्याचं उन्हानं सोललेलं नाक, बाहीवर वितळणाऱ्या गारा आणि डोळे... असे, की भांडणाचे मुद्दे विसरावेत. पण हिच्या नाकावर माशी बसायची नाही, असं आई उगाच म्हणायची का?

"जनुकांत जागोजागी दोन-दोन खुणा दिसतायत. एक कुरणातल्या पांढऱ्या फुलाची, एक कड्यावरच्या निळ्याची. भेसळच ना ही?"

"तुमच्या त्या भेसळीच्या शेऱ्यानं माझा अख्खा संग्रह बाद होतोय, बाईसाहेब."

तिचा आवाज जरा उतरला. "मग... पुन्हा आणा. एकच पान. पुडी माझ्यासमोर बांधा."

"तर मग कड्यावर यावं लागेल."

आणि ती खरंच त्याच्यासोबत गेली!

पांढरं फूल खालीच राहिलं, निळं वर. मधल्या उघड्या खडकाच्या फटीत, जिथे त्या दोघांपैकी कुणीच तगत नव्हतं, तिथे ते फिकट जांभळं झाड वाऱ्याशी झुंजत उभं होतं. ती वाकली. त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"घाबरलात?"

"छे! थंडी वाजतेय."

"तरीच घाम फुटलाय."

हसू दाबत तिनं स्वतःच्या हातानं एक पान खुडलं. फक्त एक.

प्रयोगशाळेत त्या एकाच पानातून पुन्हा त्याच दोन खुणा निघाल्या. म्हणजे भेसळ नव्हतीच. ते झाडच दोघांचं लेकरू होतं! पानाच्या हिरव्या कणांचा वारसा या कुळात फक्त आईकडून येतो. तो पांढरीचा निघाला.

बैठकीत ती उभी राहिली. "संग्रह चोख आहे. भेसळीचा शेरा माझा होता, आणि चुकलेही मीच. या झाडाची आई पांढरी, बाप निळा. आणि हे शोधलं ते... यांनी."

मागच्या रांगेत दोन कान लालबुंद झाले. तिचा ऊर भरून आला. चूक कबूल करताना मान इतकी ताठ राहते, हे तिला आजच कळत होतं.

बाहेर जिन्यात तो थांबला होता.

"एक कुरणातली, एक कड्यावरचा... जमलं कसं हो त्यांचं?"

"भेटले असतील मधे कुठेतरी."

"जिन्यात?"

ती खुदकन हसली. त्यानं खिशातून एक कोरी पुडी काढली.

"दोन वेगळ्या झाडांची पानं... एकाच पुडीत... चालतील तुम्हाला?"

असली प्रत्येक पुडी आजवर तिनं परत धाडली होती.

"आधी मला तू म्हण," ती म्हणाली. "आणि बांध. माझ्यासमोर बांध."