काशीत सोडलेला चहा

विद्यापीठातून रामघाटावर परत येईतो मधुवंती पार शिणून जाई. त्या संध्याकाळीही तिनं पायऱ्यांवर बसकण मारली, चहा मागवला आणि शेजारच्या मुंडन केलेल्या तरुणाला म्हणाली, "सकाळी माझ्या बाबांकडे तुमच्या आईचं श्राद्ध करायला आलेले तुम्हीच ना? एक चाय तुम्हालाही सांगते."

"नको... काशीत सोडला."

काशीला आलं की आवडीचं काहीतरी कायमचं सोडायचं, ही आपली जुनी रीत. पण शहाणी माणसं कारलं सोडतात हो. साताऱ्याहून बदली होऊन आलेला हा बँकेतला निमिष, श्राद्ध सांगणाऱ्या बाबांनी 'काय सोडणार?' विचारल्यावर गडबडला आणि चहा सोडून बसला.

"कारलं नाही सुचलं?"

"तुमचे बाबा असे डोळे रोखून बघत होते..." तो कसनुसा हसला. तिथंच तो तिला आवडला.

मग रोजच ती चहा प्यायची, तो नुसता वास घ्यायचा, आणि ती आपल्या प्रबंधाचं रडगाणं गायची. इंग्लंडची हक्कांची सनद आणि फ्रान्सचा जाहीरनामा, दोन्हींची तुलना.

"फरक काय, थोडक्यात?"

"इंग्रजांनी राजाकडून हक्क कबूल करून घेतले." तिनं जांभई आवरली. "फ्रेंच म्हणाले, ते जन्मतःच असतात, मागायचे कुणाकडे? बायका त्यात धरल्या नव्हत्या, ते सोडा."

"आणि तुमच्या घरी?"

"आमच्याकडे अजून राजाच आहे."

एके दिवशी मात्र तिचा चहा हातातच निवला. "रविवारी इंदूरचे लोक मला बघायला येतायत. बाबांनी शब्द दिलाय."

निमिष तिच्याकडे वळला. "तुम्ही काय म्हणालात?"

"मी कुठे काय म्हणते... दिवसभर हक्कांवर लिहून घरी गेलं, की बोलायचं त्राणच उरत नाही."

"मी येऊन बोलू? मला तुम्ही हव्या आहात — एवढंच सांगेन."

मधुवंतीचे कान तापले. "ते मला सांगितलंत, पुरे. बाबांशी माझं मी बोलते. तुम्ही इथंच थांबा."

घरी बाबा दिवसभराच्या पूजा उरकून भिंतीला टेकले होते. ती दारातच उभी राहिली.

"बाबा, जन्म काशीत गेला, पण मी अजून काहीच सोडलं नाही. आज सोडते."

"काय, कारलं?"

"गप्प बसणं. इंदूरच्या लोकांना नको म्हणून कळवा. मला निमिष आवडतात."

बाबांनी डोळे मिटले.

"तो चहा सोडलेला?"

"हो."

"खुळाच आहे." त्यांनी दमलेला सुस्कारा सोडला. "घाटावर बसलाय ना? बोलाव वर. आणि आईला सांग, दूध तापव म्हणावं."