साळिंदराचा कंदील

दुबईच्या खाडीतली ती छोटी होडी, अब्रा, देऱ्याचा धक्का सोडते न सोडते तोच वारा सुटला आणि शुभ्राच्या मांडीवरचा ट्रेसिंग पेपर उडाला. खाडीत पडणार, इतक्यात शेजारच्या तरुणाने तो अलगद टिपला.

"साळिंदर?" चित्राखालचे मराठी वाचून तो हसला. "तेही कंदील घेऊन?"

"मराठी मंडळात मी मुलांना शिकवते, त्यांच्यासाठी गोष्ट आहे."

"तुमची?"

ती अडखळली. "हो... माझीच."

त्याने चित्राकडे पाहिले, मग तिच्याकडे – आणि कागद परत दिला.

२००९ साल होते. दुबई सोडून निघालेल्या एका कुटुंबाने दाराबाहेर ठेवलेल्या खोक्यात शुभ्राला ते जुने पुस्तक सापडले होते. एल्सी थॉर्नबरी या अमेरिकन बाईंनी ते लिहिले होते, चित्रेही त्यांचीच. गाव सोडून गेलेल्यांसाठी बर्फात कंदील लावून बसणारे साळिंदर! इथे त्या बाईंना कोण ओळखणार? शुभ्राच्या ऑफिसात तर इमारतीचा जुना नकाशा गिरवून कोपऱ्यातल्या चौकटीतले नाव बदलले की ड्रॉइंग नवे होई. तिने बर्फाची वाळू केली आणि चौकटीत स्वतःचे नाव घातले.

तो तरुण, वेदांग, पुढे रोज संध्याकाळी अब्रावर भेटू लागला.

"आज काय म्हणतंय साळिंदर?"

"म्हणतंय, काही लोक फार प्रश्न विचारतात."

"आवडतात का त्याला असले लोक?"

"त्याला काटे असतात, विसरू नका," ती म्हणाली खरी. पण ओढणी सावरण्याच्या निमित्ताने तिने हसू लपवले.

दोन महिन्यांनी ती आनंदाने धावत आली. "मंडळाच्या अनुपमाकाकू गोष्ट गणपतीच्या अंकात छापणार – माझ्या नावाने!"

वेदांगने अब्रातल्या बाकावर तिला जागा करून दिली. "माझी नोकरी गेली, शुभ्रा. शुक्रवारी निघतोय. म्हणून आज सांगतो... त्या कंदिलाच्या काचेला तडा असतो. तो गिरवायचा राहिला तुमच्याकडून. लहानपणी मावशीने पाठवलं होतं ते पुस्तक."

तिचे कान तापले. "म्हणजे पहिल्या दिवशीच तुम्ही...?"

"ओळखलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही दुसरी अब्रा धरली असती."

दोन महिने त्याच्यासमोर मिरवलेली ऐट तिला एकेक करून आठवली. धक्का येईपर्यंत तिने पाण्यावरची नजर उचलली नाही.

शुक्रवारी सकाळी ती मंडळात मुलांसमोर उभी राहिली. "ही गोष्ट माझी नाही," ती म्हणाली. "चित्रंही गिरवलेली आहेत. मी... खोटं बोलले."

अनुपमाकाकूंनी मान फिरवली. पुढे बसलेल्या छोट्या ओवीने विचारले, "देन हू मेड इट, टीचर?"

शुभ्राने फळ्यावर ते नाव लिहिले. वळली, तर दारात बॅग घेऊन वेदांग उभा.

ती बाहेर आली. "तुमचं विमान..."

"तू म्हण ना." तो थांबला. "कंदील लावून ठेवशील?"

"ठेवीन," ती खाली पाहत म्हणाली. "पण तो थॉर्नबरीबाईंचा."

"आणि वाट बघणं?"

तिने सावकाश मान वर केली.

"ते... माझंच."